ताईचा फोम आणि धाकटीची कड

पेट्रोल पंप मागे पडला, गोदामांची रांग संपली, तरी ताईचा वेग कमी होईना. मी तिच्या मागून जवळजवळ पळत होते. धावपट्टीकडे जाणारा हा रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, सावलीला एक झाड नाही. घरून निघताना ती म्हणाली होती, "चल, पाय मोकळे करून येऊ." असे मोकळे करायचे असतील तर बांधलेले बरे, असं मी मागून म्हटलं, पण ती हसली नाही.

"आता तिनं कापड कापून ठेवलं असेल," ती पुढे बघतच म्हणाली.

"कुणी?"

"कुणी काय. तुम्हा सगळ्यांच्या लाडकीनं."

लाडकी म्हणजे ताईची धाकटी जाऊ. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिची दोन मशीनं आहेत आणि बायकांची सारखी ये-जा असते. बोलकी, हसरी, चार माणसांत उठून दिसणारी बाई. ताईपेक्षा वयानं बरीच लहान. दोघींचं एका घरात इतकी वर्षं बरं चाललं होतं, कारण एकीचा हात दुसरीच्या कामात नव्हता. आता होता.

घरामागच्या शेडमध्ये भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, विमान बांधतात. ऐकणाऱ्याला आधी हे खेळण्यातलं वाटतं. तसं नाही. दोन माणसं बसतील असं खरं विमान, नकाशे मागवून, एकेक नळी आणि एकेक पत्रा जोडून. भावोजी बस डेपोत मेकॅनिक होते. नोकरीत असतानाच त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली, निवृत्तीनंतर नाकापर्यंत पोचले. माणूस अबोल. कौतुकाचा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द म्हणजे "ठीक आहे". ताईनं संसारात जे जे चांगलं केलं त्या सगळ्यावर त्यांचा हा एकच शिक्का आहे, आणि ताईला तो पुरायचा. म्हणायची, "त्यांच्या 'ठीक आहे'मध्ये सगळं येतं."

विमानातलं फायबरचं सगळं काम ताईचं. लग्नाआधी ती कपड्यांच्या दुकानात उभे असतात ते पुतळे बनवण्याच्या कारखान्यात होती. फोम कोरून आकार काढायचा, त्यावरून साचा, साच्यातून फायबरचा पुतळा. चेहरे आणि हात तिच्याकडे असत. आम्ही दोघी बाजारात गेलो की काचेआडच्या साड्या मी बघायची आणि ही पुतळ्यांच्या नाकांकडे बघत उभी राहायची. "ही माझी," म्हणायची, किंवा, "हिचं नाक बघ, कुणी केलंय कोण जाणे." त्या 'कुणी'मध्ये काय असायचं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. दुसऱ्याच्या अंगावर दागिना बघून ताईला कधी काही वाटलं नाही. मला चांगलं स्थळ आलं तेव्हा तीच सगळ्यांत जास्त नाचली. पण तिच्या हातचं काम दुसऱ्यानं केलं, आणि बरं केलं, की तिच्या पोटात दुखतं. लहानपणी आईनं एकदा रांगोळी मला काढायला सांगितली, तर ही दिवसभर मागच्या दारानं ये-जा करत राहिली. पुढच्या दारी पाय ठेवला नाही.

आणि अशा बाईला देवानं रेझिनची, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाची, ॲलर्जी दिली. विमानाच्या पंखांची टोकं करताना आधी मनगटावर पुरळ आलं. तिनं लांब बाह्यांचं झंपर घालून ते लपवलं. मग डोळे सुजले. मग एके दिवशी श्वासच अडकला आणि भावोजी तिला तसंच उचलून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "एक वेळ नवरा सोडलात तरी चालेल, रेझिन सोडा. पुढच्या खेपेला मी काही करू शकेन याची खात्री नाही." भावोजी शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "ठीक आहे."

तेव्हा विमानाचं फक्त समोरच्या काचेचं काम राहिलं होतं.

हे काम कसं असतं ते मी ताईकडे राहायला आले तेव्हा शेडमध्ये बसून बसून शिकले, म्हणून सांगते. ती नावाला काच, खरं तर पारदर्शक प्लॅस्टिकचा वाकवलेला मोठा तुकडा. भावोजींनी तो कुठल्याशा भट्टीवाल्याच्या हातापाया पडून वाकवून घेतला होता. असा दुसरा मिळायचा तर वर्षाची बात. काच तिरकी, विमानाचं नाक गोलाकार, त्यामुळे दोघांच्या मध्ये हात जाईल एवढी फट राहते आणि ती जागोजागी वेगळी. कुठे रुंद, कुठे अरुंद, कोपऱ्यात तर पिळलेली. ही फट फायबरच्या कडेनं झाकायची असते, म्हणजे वारा वरून घसरून जातो. त्यासाठी आधी फटीत तपकिरट फोमचे ठोकळे बसवायचे. करवतीच्या पात्यानं कापून, मग पॉलिश पेपरनं घासून त्यांना हवा तो आकार द्यायचा. त्यावर खोक्यांना लावतात ती तपकिरी टेप चिकटवायची. टेपवर काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवायचे. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं होतं. खाली टेप असल्यामुळे सबंध कड उचलून निघते. मग आतला फोम खरवडून टाकायचा, आणि पोकळ कड पुन्हा जागेवर बसवून स्क्रू मारायचे.

फोमच्या कामात रेझिन लागत नाही, म्हणून फोम ताईकडे. कापड आणि रेझिन धाकटीकडे.

ताईनं तो फोम कितीतरी दिवस घासला. तिची रीत अशी की घासून झालं की डोळे मिटायचे आणि उघडा तळवा काचेवरून फोमवर, फोमवरून नाकाच्या पत्र्यावर न्यायचा. कुठे हाताला पायरी लागली की पुन्हा पेपर. "डोळ्याला काय, सगळं गुळगुळीतच दिसतं," म्हणायची. शेवटी शेवटी ती कोपऱ्यात एकदाच पेपर फिरवायची आणि तेवढ्यावर थांबायची, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं. भावोजींनी हात फिरवून बघितला. "ठीक आहे," म्हणाले.

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं.

मग धाकटीचा सराव सुरू झाला. ताई दाराबाहेर खुर्चीवर, तोंडाला मास्क, आणि धाकटी आत. उलट्या बादलीवर कापडाची पट्टी बसवून बघायची होती. बादलीच्या गोलाईवर सरळ कापलेली पट्टी बसत नाही, चुण्या पडतात. हे ताई कारखान्यात पुष्कळ कापड वाया घालवून शिकली होती, आणि धाकटीच्या दोन-चार पट्ट्या वाया जाऊ द्याव्यात, मग सांगावं, असा तिचा विचार असावा. पण धाकटीनं कात्री उचलली आणि कापड तिरकं धरून उरेब पट्टी कापली. गळ्याच्या पट्टीला कापतात तशी. बादलीवर ती पट्टी अशी बसली की जणू बादली तिच्यासाठीच घडवली होती.

भावोजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, "अरे वा."

मी ताईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. लग्नाला एवढी वर्षं झाली, 'अरे वा' हा शब्द या माणसाच्या शब्दकोशात आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

तर आज त्या कडेवर कापड बसायचं होतं, आणि आम्ही दोघी उन्हात चालत होतो.

"तिथं दारात बसून सांगितलं असतंस तर तिला बरं पडलं असतं," मी म्हटलं.

"तिला काय सांगायचंय? ती उरेब कापते." थोडं चालून झाल्यावर पुढे म्हणाली, "अरे वा म्हणे."

"अगं, म्हणाले असतील सहज."

"ते सहज पाणीसुद्धा मागत नाहीत." मग तिनं एकदम विचारलं, "माझा फोम उद्या खरवडून टाकतील, माहीत आहे ना तुला?"

"हो, तसंच असतं ना ते."

"कारखान्यात मूळ आकार टाकून देत नसत. फळीवर ठेवत. इथं माझं कचऱ्यात जाणार आणि तिचं आभाळात."

मी समजूत काढायला गेले. आत तुझाच आकार असणार, ती नुसतं वरून कापड घालणार, वगैरे. आपल्या माणसाची समजूत काढताना आपण किती पोकळ बोलतो ते मला त्या रस्त्यावर नीटच ऐकू आलं. ताईनं मधेच थांबून चपलेतला खडा काढला, आणि खाली वाकलेली असतानाच म्हणाली,

"मी फोमला टेप लावलेली नाही."

मला आधी कळलंच नाही. "विसरलीस?"

"विसरले नाही. रोल हातात होता. एका बाजूला लावली, आणि काचेकडची बाजू तशीच सोडली. फोमसारख्याच रंगाची आहे टेप. लांबून कळत नाही."

"मग काय होईल?"

"चिकटेल. रेझिन फोममध्ये मुरेल. निघणार नाही."

"आणि काचेला?"

ती उभी राहिली. चप्पल पायात नीट सरकवली. "फटीतून झिरपलं तर काचेलाही. ओढून काढायला गेलं तर तडा जाईल."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मग म्हटलं, "आणि नाव कुणाचं होईल?"

ताई कुंपणाच्या तारेकडे बघायला लागली.

"धाकटीचंच ना? तिनं बिघडवलं म्हणतील."

"मला काच फुटायला नको होती," ती म्हणाली. "मला एवढंच वाटलं की राहू दे चिकटून. माझं पण राहू दे. काचेचं नंतर मनात आलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"गोदामांपाशी."

म्हणजे गोदामांनंतरही हिचा वेग उतरला नव्हता तो यामुळे. लांब लांब पळत होती, आणि परत फिरायला पाय वळत नव्हते.

"फोन लाव तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? लबाडी केली म्हणून?"

"विसरले म्हणून सांग."

"मी कामातलं काही विसरत नाही हे तिला पक्कं माहीत आहे. मीच ऐकवलंय ना तिला, उठता-बसता."

मी माझा फोन बाहेर काढला, तर तिनं माझं मनगट धरलं. पुतळ्यांची बोटं करणारा हात, अजून चांगला पक्का आहे. "तू नको सांगूस. माझ्याआधी तुझ्या तोंडून तिला कळलं तर मी त्या घरात राहू कशी? मी जाते. चहा झाल्याशिवाय ती हात घालायची नाही. चल."

आणि आम्ही उलट फिरलो. येताना ती पळत होती असं मी वर लिहिलं, पण ते पळणं नव्हतं, हे परतताना कळलं. वाटेत ती एकटीच बोलत होती. "चहाला तिला वेळ लागतो. गप्पा मारते ना." मग थोड्या वेळानं, "आज नेमकी गप्प बसायची ती." पेट्रोल पंपावरच्या माणसानं आम्हा दोघी म्हाताऱ्यांना धापा टाकत जाताना बघून विचारलं, "काय झालं, मावशी?" ताई म्हणाली, "चहा उतू जातोय," आणि थांबली नाही.

शेडच्या बाहेरच रेझिनचा वास आला. दार ओढून घेतलेलं होतं. ताईनं खिळ्यावरचा मास्क काढून तोंडाला लावला, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली.

आत धाकटी कोपरापर्यंत हातमोजे घालून वाकली होती आणि आखूड ब्रशनं कापडावर टपटप करत होती. पहिला थर बसलेला होता, दुसरा चालला होता. ओल्या कापडातून खालचं आरपार दिसतं. काचेच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत ती कड अशी वळली होती की कुठे चुणी नाही. भावोजी हातात घड्याळ धरून उभे होते, कारण रेझिन थोड्याच वेळात घट्ट व्हायला लागतं.

"थांब," ताई म्हणाली.

"जाऊबाई, आत नका येऊ हं. वास आहे फार."

"थांब म्हणते ना. टेप..."

धाकटीनं मान वर केली नाही. ब्रश चालूच. "लावली की. तुमचा रोल संपत आला होता ना, म्हणून अर्धीच झाली असेल. मी माझ्याकडची आणली, पार्सलांची. रंगाला थोडी गडद आहे, पण चालते ना ती?"

ताईचा रोल संपत आलेला नव्हता. फळीवर होता, चांगला जाडजूड. तो मला दिसत होता, म्हणजे धाकटीलाही दिसला असणार.

"कसली टेप?" भावोजींनी विचारलं.

"काही नाही, भावोजी. तुम्ही घड्याळाकडे बघा. बोलण्यात वेळ गेला तर माझ्या नावानं ओरडाल."

ताई मागे फिरली. मागच्या पायरीवर जाऊन बसली, मास्क तसाच तोंडावर. मी शेजारी बसले. मला वाटलं, सुटली बिचारी, आता रडेल आणि मोकळी होईल. पण मास्कच्या वरचे डोळे काही रडणारे नव्हते.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"देवाची कृपा म्हण. वेळेवर तिच्या ध्यानात आलं."

"ध्यानात कसं आलं? हात फिरवला असेल तिनं. डोळे मिटून. माझ्यासारखा." मग मास्क सारखा करून, "आणि वर झाकूनही घेतलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कापड चांगलं बसवते ते बसवते, आता मनानंही माझ्यापेक्षा मोठी होऊन बसली."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी वास विरल्यावर धाकटी हात धुऊन बाहेर आली. ताईच्या शेजारी पायरीवर टेकली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा.

"मी मुद्दाम सोडली होती," ताई म्हणाली. गाडी किती वाजता आहे हे सांगावं तशा आवाजात.

"हो. वाटलंच मला," धाकटी म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यातला एक कण सोडत नाही, आणि अख्खी बाजू कशी सोडाल?"

"मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? ते 'ठीक आहे' म्हणाले असते." मग हसू आवरून म्हणाली, "जाऊबाई, माझ्या मशीनला तुम्ही हात लावलात ना, तर मी तुमच्या बोटात सुई घालेन. एवढं समजतं मला."

ताई हसली नाही. पण मास्क काढला.

दुसऱ्या दिवशी कड उचलली. एका बाजूनं लाकडी पट्टी सरकवली आणि टपकन आवाज होऊन ती सबंध हातात आली. काचेला ओरखडाही नाही. फोम कडेच्या आतच राहिला होता. धाकटीनं खरवडायचं हत्यार उचललं आणि ताईसमोर धरलं. "हे तुमचं. तुम्ही काढा."

ताईनं हातमोजे घालून, दारात उजेडाला बसून, आपलं इतक्या दिवसांचं काम स्वतःच खरवडून काढलं. फोमचा भुगा तिच्या मांडीवर, पायांवर, केसांत. पोकळी रिकामी झाल्यावर तिनं आतून बोट फिरवलं. मग बाहेरून. मग डोळे मिटून पुन्हा बाहेरून, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आपल्या आकाराचा निरोप घेतेय.

डाव्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं. डोळे उघडले.

"इथं बुडबुडा राहिलाय," ती म्हणाली.

धाकटीनं वाकून बघितलं. मोहरीएवढा होता. "राहिलाय खरा."

त्यानंतर दिवसभर ताईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. भावोजींना स्वतः चहा नेऊन दिला. धाकटीला झंपराचं माप द्यायचं राहिलं होतं, तेही दिलं. येता-जाता शेडमध्ये डोकावून त्या कोपऱ्याकडे बघत होती. भावोजींनी कड जागेवर बसवून चारी बाजूंनी हात फिरवला, आणि दोघींकडे आलटून पालटून बघत उभे राहिले. बिचाऱ्यांना काय म्हणावं ते समजेना. शेवटी काही न म्हणताच ते स्क्रू शोधायला गेले. त्या घरात इतकं शहाणपणाचं वागणं मी दुसरं बघितलं नाही.

मी निघाले त्या दिवशी ताई मला थांब्यापर्यंत सोडायला आली. पिशवी तिनंच उचलली होती, माझ्या हातात देईना. गाडी लांबून दिसल्यावर म्हणाली,

"तू हे लिहिशील कुठंतरी. तुझी सवय मला माहीत आहे."

"नको असेल तर नाही लिहिणार."

"लिही. टेपचंही लिही, मी काही लपवत नाही. पण कड धाकटीनं केली, हे तूच लिहून टाक. विमान बघायला उद्या माणसं येतील, विचारतील कुणी केलं, आणि मला ते तोंडानं म्हणवणार नाही. प्रयत्न करून बघितला मी, आरशासमोर. नाही म्हणवत. तुझं छापलेलं पान मी त्यांच्या हातात देईन."

"बरं. लिहीन."

गाडी येऊन थांबली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, पण बंद सोडला नाही.

"आणि ऐक. चांगली झाली असं लिहू नकोस. झाली, एवढंच लिही. आणि तो बुडबुडा लिही."